देशी बनावटीची लेव्हल आणि गुण्या घ्यायचाय? नाव शेवटी बघा, आधी हा क्रम पाळा

लेव्हल म्हणजे बुडबुड्याच्या नळीची, पातळी बघायची पट्टी, आणि गुण्या म्हणजे पातं आणि दांडा असलेलं काटकोन बघायचं हत्यार. "कोणत्या कंपनीची लेव्हल घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनचार जण तरी विचारतात, आणि एखादं नाव सांगितलं की माणूस दुकानात जातो, ते नाव बघतो, पैसे देतो आणि घरी येतो. मग महिन्याभराने फोन येतो की दाराची चौकट ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नाही म्हणून. नाव तेच असतं पण मागचा बनवणारा बदललेला असतो. कुठे कंपनीच विकली गेलेली असते, कुठे कारखाना बंद करून फक्त ब्रँड ठेवलेला असतो आणि माल बाहेरून भरून घेतात, कुठे उलटं होतं, नवी मशीन येते आणि तोच माल आधीपेक्षा चांगला निघतो. म्हणून पाच वर्षांपूर्वीचा अनुभव आज घेतलेल्या पीसला लागू होईलच असं नाही.

मी फर्निचर आणि फिटिंगची कामं करतो. एकाच नावाच्या दोन लेव्हल माझ्याकडे दहाएक वर्षं होत्या, दोन्ही चोख. तिसरी त्याच भरवशावर घेतली, लेबल वाचलं नाही, उलटून तपासली नाही आणि सरळ एका किचनच्या उंच कपाटांना लावली. २१०० मिमी उंचीत चार मिमी फरक आला, शटरमधल्या फटी वर एक आणि खाली एक. दोन दिवसांचं काम उतरवून परत केलं. घरी येऊन बघितलं तर लेव्हल मीटरला दोन मिमी खोटी होती, आणि लेबलवर जिथे आधी "निर्माता" असायचं तिथे आता "मार्केटेड बाय" होतं. ते खोकं हातात धरून मी तेव्हाच खाली दिलेला क्रम कागदावर लिहून काढला आणि आजही त्याच क्रमाने खरेदी करतो.

इथे देशी म्हणजे भारतात बनलेली, एवढाच अर्थ धरलाय.

## टप्पा १: काम कोणतं ते आधी ठरवा

दुकानात जाऊन "चांगली दाखवा" म्हणणं ही पहिली चूक. चांगली कशासाठी?

लेव्हलची अचूकता मिलिमीटर प्रति मीटरमध्ये लिहिलेली असते. वीटकाम, प्लास्टर, साधी फरशी याला १ मिमी प्रति मीटर चालतं. मॉड्युलर किचन, दारं, खिडक्या, ॲल्युमिनियम सेक्शन याला ०.५ मिमी प्रति मीटर घ्या. लेथ किंवा मिलिंग मशीन बसवताना ०.०२ मिमी प्रति मीटरची मशीन लेव्हल लागते, ते हत्यारच वेगळं आहे आणि त्याचा बुडबुडा इतका नाजूक असतो की बांधकामावर त्याचा काही उपयोग नाही. काही जण जास्त पैसे म्हणजे जास्त चांगलं या हिशेबाने तीच घेतात आणि मग बुडबुडा थांबतच नाही म्हणून वैतागतात.

पॅकवर अचूकता लिहिलेलीच नसेल तर तो पीस सरळ बाजूला ठेवा. निर्माता आकडा लिहीत नसेल तर आपण त्याला कशावर धरणार?

लांबी म्हणाल तर कामाच्या जागेत मावेल तेवढी लांब. ३०० मिमीची लेव्हल दोन मीटरच्या चौकटीला लावून चालत नाही, चौकटीतला छोटा बाक ती सरळ म्हणून दाखवते. घरकामाला ६०० आणि १२०० अशा दोन पुरतात.

गुण्याचंही तसंच. फिटर वापरतात त्या इंजिनिअर्स स्क्वेअरसाठी, म्हणजे जाड, अचूक गुण्यासाठी, आपल्याकडे आयएस २१०३ हे मानक आहे, बाजारात जर्मन डीआयएन ८७५ चा उल्लेखही खूप दिसतो. त्यात ग्रेड, म्हणजे अचूकतेचे दर्जे, असतात. १५० मिमी पात्याला ग्रेड ० म्हणजे ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि ग्रेड २ म्हणजे ३५ मायक्रॉन एवढी सूट. सुतारकामाला ग्रेड २ सुद्धा भरपूर झाला, ३५ मायक्रॉन म्हणजे साध्या कागदाच्या जाडीच्या जवळपास तिसरा हिस्सा. उगाच ग्रेड ० घेऊन साइटवर बादलीत टाकू नका, एकदा पडला की ग्रेडही गेली आणि पैसेही.

तपासा: काम, लांबी, अचूकता या तीन गोष्टी कागदावर लिहिल्या का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: सोबत न्यायची पिशवी

ही तयारी कोणी करत नाही आणि सगळं इथेच फसतं, कारण दुकानात तपासायला हातात काहीच नसतं. पिशवीत एवढं ठेवा:

- ०.५ ची लीड पेन्सिल किंवा मार्किंग नाइफ
- झेरॉक्सच्या ८० जीएसएम कागदाच्या दोन बोटं रुंद पंधरावीस पट्ट्या
- मास्किंग टेप
- सहा इंची स्टील पट्टी
- कोरडं सुती फडकं
- साधारण फूट बाय दीड फूट एमडीएफचा तुकडा, ज्याची एक कड एकदम सरळ आहे

कागदाच्या पट्ट्या हे आपलं मोजमाप. ८० जीएसएमचा एक कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे दहा कागद झाले एक मिमी. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा संच, असेल तर उत्तमच, पण कागदाने काम होतं.

एमडीएफची कड सरळ आहे हे घरीच बघून घ्या. मोठ्या कागदावर त्या कडेने बारीक रेघ मारा, मग तुकडा पालथा घालून तीच कड त्याच रेघेला दुसऱ्या बाजूने लावा. कुठे फट दिसली किंवा रेघ झाकली गेली तर कड वाकडी आहे, दुसरा तुकडा घ्या. ही पायरी गाळली तर चांगला गुण्याही खोटा ठरवाल, आणि हे मी लोकांना करताना बघितलंय, दुकानदाराशी भांडणं झालीत यावरून.

## टप्पा ३: बनवणारा कोण ते शोधा

आता लेबल. आपल्याकडे लीगल मेट्रॉलॉजीचे, म्हणजे वजनमापांच्या कायद्याचे, २०११ चे पॅकबंद मालाचे नियम आहेत, त्यानुसार किरकोळ विक्रीच्या पॅकवर निर्माता, पॅक करणारा किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं असावं लागतं, आणि आयात माल असेल तर कोणत्या देशातला तेही. बहुतेकांची नजर फक्त एमआरपीवर जाते. तुम्ही या क्रमाने वाचा:

१. "निर्माता" किंवा "मॅन्युफॅक्चर्ड बाय" हे शब्द आहेत का. फक्त "मार्केटेड बाय" किंवा "पॅक्ड बाय" असेल तर बनवणारा दुसरा कोणीतरी आहे. तो भारतातलाच आणि चांगलाही असू शकतो, पण विचारल्याशिवाय कळणार नाही.

२. पत्ता कारखान्याचा की ऑफिसचा. एमआयडीसी, प्लॉट नंबर, इंडस्ट्रियल एरिया असं काही असेल तर बरं. नुसता एखाद्या कॉम्प्लेक्समधला तिसरा मजला असेल तर तिथे लेव्हल बनत नाहीत.

३. देश. आयातदाराचं नाव असलं की विषय संपला. ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्या साइटलाही मूळ देश दाखवावा लागतो, तो मोठ्या अक्षरातल्या वर्णनात नसतो, खाली तपशिलात शोधा.

४. महिना-वर्ष. मालकी बदललेल्या ब्रँडचा माल घेताना ही ओळ फार कामाची, बदलाच्या आधीचा पीस की नंतरचा ते इथेच कळतं.

> इथे चुकतात: बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतात बनला असं खूप जण ठामपणे सांगतात. तसं अजिबात नाही. ८९० म्हणजे तो बारकोड जीएस१ या बारकोड देणाऱ्या संस्थेच्या भारतातल्या शाखेकडून घेतलाय एवढंच. आयात केलेल्या मालावरही भारतीय कंपनी स्वतःचा ८९० वाला बारकोड लावू शकते. तसंच तिरंग्याचे पट्टे, सिंहाचं चित्र, "इंडियन ब्रँड" असली अक्षरं, यातलं काहीच बनावटीचा पुरावा नाही.

लेबलवरून खात्री झाली नाही तर घरबसल्या तीन ठिकाणी शोधता येतं, तिन्ही फुकट.

जीएसटी पोर्टलवर कंपनीचा जीएसटी नंबर टाकला की व्यवसायाचं स्वरूप दिसतं, कारखाना आहे की आयात की घाऊक विक्री. नंबर निर्मात्याचाच टाका, बिलावर असतो तो दुकानदाराचा. दुसरं, कंपनी कामकाज मंत्रालयाच्या साइटवर कंपनीची नोंद कधीची आहे ते सापडतं. आणि हो, कंपनीने नाव बदललं तर पुढची दोन वर्षं जुनं नावही नव्या नावासोबत छापायचं असा कंपनी कायद्यात नियम आहे, त्यामुळे लेटरहेडवर, बिलावर "पूर्वीचे नाव" असं काही बारीक अक्षरात असेल तर ते वाचा. तिसरं, ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध. ब्रँडचं नाव टाकलं की आज तो कोणाच्या मालकीचा आहे ते कळतं. हातहत्यारं वर्ग ८ मध्ये येतात आणि मोजमापाची साधनं वर्ग ९ मध्ये, म्हणून दोन्हीकडे बघा. कधीकधी एकाच नावाचे दोन वर्गांत दोन वेगळे मालक निघतात आणि मग कळतं की पक्कड चांगली निघाली म्हणून लेव्हलही चांगली निघेल असं का नाही.

आयएसआयचा शिक्का असेल तर त्याखालचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. परवाना कोणाच्या नावाने, कोणत्या वस्तूसाठी आणि चालू आहे का, सगळं येतं.

## टप्पा ४: शोध कुठून सुरू करायचा

ही नावं शिफारस म्हणून देत नाहीये, कुठून सुरुवात करायची एवढंच. नाशिकचं टापरिया महाराष्ट्रात कोणत्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतं. स्टील पट्ट्या आणि गुण्यांसाठी मुंबईचं क्रिस्टील, ज्याच्या कंपनीच्या नावातच जपानच्या शिन्वाचं नाव जोडलेलं आहे. टेप आणि लेव्हलसाठी लुधियानाचं फ्रीमन्स, ती कंपनी बरीच वर्षं एफएमआय लिमिटेड या नावाने होती, म्हणून जुन्या खोक्यावर वेगळं नाव दिसलं तर लगेच डुप्लिकेट समजू नका. गुरुग्रामचं ग्रोझ इंजिनिअर्स स्क्वेअर बनवतं आणि बाहेरच्या देशांतही माल पाठवतं. याशिवाय जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातलं नागौर इथे हातहत्यारांचे कितीतरी छोटे कारखाने आहेत, नाव मोठं नाही पण पीस तपासून घेतला तर चांगला निघतो.

मोठ्या कंपनीतही सगळा माल एकाच छताखाली बनत नाही, काही स्वतःचा असतो, काही दुसऱ्याकडून बनवून घेतलेला. म्हणून टप्पा ३ हा प्रत्येक वस्तूसाठी वेगळा करायचा, कंपनीसाठी एकदाच करून चालत नाही.

परदेशी नावांचंही हेच झालंय. जुन्या फिटर लोकांच्या तोंडी असलेली अमेरिकेतली मोजमापाची हत्यारं बनवणारी स्टॅरेट २०२४ मध्ये एका गुंतवणूक कंपनीने विकत घेतली. तिथलीच लेव्हल बनवणारी एम्पायर २०१४ मध्ये मिलवॉकी ब्रँडच्या मालकांकडे गेली. स्टॅनले २०१० मध्ये ब्लॅक अँड डेकरसोबत एक झाली. अमेरिकेत असलेल्या मराठी मंडळींनी तिकडे बनलेली वस्तू घेताना सुद्धा नावावर जाऊ नये, मॉडेल नंबर आणि त्या पीसवर छापलेला देश बघावा, कारण एकाच ब्रँडची एक लेव्हल तिकडची आणि शेजारची दुसऱ्या देशातली असं सर्रास असतं.

## टप्पा ५: दुकानात गेल्यावर आधी डोळ्यांनी

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी, बाकी शहरांत एमआयडीसीच्या आसपासची टूल्सची दुकानं. साध्या हार्डवेअरवाल्यापेक्षा इथे एकाच मॉडेलचे चारपाच पीस बघायला मिळतात, आणि तेच आपल्याला हवंय. गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुपारी जा, आणि आधीच सांगा की तपासून घेणार आहे, चांगला पीस निघाला की लगेच पैसे देतो. चांगले दुकानदार नाही म्हणत नाहीत. जो खोकं उघडूच देत नाही त्याच्याकडून मोजमापाची वस्तू घ्यायची नाही, बाकी काय हवं ते घ्या.

लेव्हलमध्ये बघायचं: काचेची किंवा ॲक्रिलिकची नळी पक्की बसलीय का, नखाने ढकलल्यावर हलते का. नळीभोवती स्क्रू असतील तर ती ॲडजस्ट होते, याचा अर्थ ती हलूही शकते. खालची टेकायची बाजू मशीनने घासलेली असेल तर उत्तम, नुसता पावडर कोटिंगचा रंग असेल तर बोट फिरवा, रंगाचा गोळा किंवा थेंब लागतोच कुठेतरी. मॅग्नेटवाली असेल तर फडक्याने पुसा, लोखंडाचा कीस चिकटलेला असतो आणि तेवढ्यानेच पुढची सगळी तपासणी खोटी येते.

गुण्यामध्ये पातं दांड्यात कसं बसवलंय ते बघा. पातं हाताने हललं की परत. आतल्या कोपऱ्यात छोटी खाच हवी, नाहीतर लाकडाचा भुसा तिथे अडकून गुण्या टेकतच नाही.

## टप्पा ६: लेव्हल उलटून बघा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक सगळ्यात जास्त चुकतात तेही इथेच. दुकानदार काउंटरवर लेव्हल ठेवतो, बुडबुडा मधोमध दिसतो, "बघा एकदम बरोबर" म्हणतो. काउंटर जर तिरका असेल आणि लेव्हल तेवढीच उलट खोटी असेल तर बुडबुडा मधोमधच दिसणार ना! एकदा ठेवून काहीच कळत नाही. दोनदा ठेवावी लागते.

१. काउंटर पुसा. लेव्हल ठेवा, दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून त्यावर खुणा करा, म्हणजे परत नेमकी तिथेच ठेवता येईल.

२. जे टोक खाली आहे त्याच्याखाली कागदाच्या पट्ट्या सरकवत जा, बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येईपर्यंत.

३. पट्ट्या जागेवरून न हलवता लेव्हल उचला, डावं टोक उजवीकडे आणि उजवं डावीकडे फिरवा आणि त्याच खुणांवर ठेवा. खालची बाजू खालीच राहिली पाहिजे.

४. बुडबुडा परत मधोमध आला तर लेव्हल खरी. काउंटर तिरका असला तरी फरक पडत नाही, ही या पद्धतीची मोठी सोय.

५. नाही आला तर परत मधोमध येईपर्यंत पट्ट्या वाढवा किंवा कमी करा आणि किती बदलल्या ते मोजा. त्याचा अर्धा म्हणजे लेव्हलची चूक.

आकड्यात सांगतो. ६०० मिमीची लेव्हल, उलटल्यावर सहा पट्ट्या बदलाव्या लागल्या म्हणजे ०.६ मिमी, अर्धं केलं की ०.३ मिमी. ६०० मिमीत ०.३ म्हणजे मीटरला ०.५ मिमी, पॅकवर ०.५ लिहिलं असेल तर ही लेव्हल काठावर पास. बारा पट्ट्या लागल्या तर मीटरला १ मिमी, मग ०.५ वाल्या लेबलची ती लेव्हल नापास. मी स्वतः तीन पट्ट्यांच्या पुढे घेत नाही, चार पीस तपासले की एखादा एकदोन पट्ट्यांतला मिळतोच.

> सावध: नळीकडे तिरकं बघू नका, डोळा बरोबर समोर हवा. आणि लेव्हल बाहेर उन्हात किंवा गाडीच्या डिकीत तापलेली असेल तर आधी सावलीत ठेवा. उष्णतेने आतलं द्रव फुगतं आणि बुडबुडा लहान होतो. विदर्भातल्या एप्रिलमध्ये तो इतका आकसतो की दोन्ही रेघांपासून अंतर सारखं आहे का हे नुसत्या अंदाजाने ठरवावं लागतं.

## टप्पा ७: उभी नळी वेगळी तपासा

आडवी खरी निघाली म्हणजे उभीही खरी असं मानतात, आणि चौकटी तिथेच बिघडतात. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या बसवलेल्या असतात, एकीचा दुसरीशी संबंध नाही.

दुकानातल्या एखाद्या सरळ खांबाला किंवा दाराच्या चौकटीला लेव्हल उभी लावा, वर-खाली खुणा करा, खालच्या किंवा वरच्या टोकाला पट्ट्या देऊन बुडबुडा मध्ये आणा. मग वरचं टोक खाली आणि खालचं वर करा, पण चौकटीला टेकलेली कड तीच ठेवा, आणि त्याच खुणांवर, त्याच पट्ट्यांवर परत लावा. हिशेब आधीसारखाच, फरकाचा अर्धा. दोन उभ्या नळ्या असतील तर पहिल्यांदा वाचली तीच नळी उलटल्यावर वाचायची, ती आता दुसऱ्या टोकाला गेलेली असते आणि घाईत माणूस दुसरीच वाचून मोकळा होतो.

घरी आल्यावर ओळंब्याशी एकदा पडताळून घ्या. चांगला ओळंबा, पातळ दोरा आणि वारा नसलेली खोली असली की ओळंबा खोटं बोलत नाही.

## टप्पा ८: गुण्या पालथा घालून बघा

दोन नवे गुण्ये एकमेकांना लावून "जुळतायत, म्हणजे बरोबर" असं ठरवू नका. एक ८९ अंशाचा आणि दुसरा ९१ अंशाचा असला तरी ते पाठीला पाठ लावल्यावर छान जुळतात. फरशीच्या रेघेवर तपासणंही बंद करा, ती फरशी कोणत्या गुण्याने लावलीय हे आपल्याला माहीत नसतं.

एमडीएफच्या सरळ कडेला दांडा घट्ट टेकवा, पात्याच्या बाहेरच्या कडेने बारीक रेघ मारा. आता गुण्या पालथा घालून दांडा त्याच कडेला दुसऱ्या दिशेने टेकवा, पातं रेघेच्या तळाशी बरोबर जुळवा आणि दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा वरपर्यंत एकच राहिल्या तर गुण्या खरा. वर फाकल्या तर फटीचा अर्धा म्हणजे चूक. २०० मिमीच्या पात्याला वर ०.२ मिमी फट म्हणजे चूक ०.१ मिमी, ६०० मिमीच्या कपाटात तीच ०.३ होते, सुतारकामाला चालेल. फट ०.८ दिसली तर तेच ६०० मध्ये १.२ मिमी, असा गुण्या घेऊ नका.

मग हेच पात्याच्या आतल्या कडेनेही करा. बाहेरची कड खरी आणि आतली खोटी असे पीस असतात, कारण पातंच दोन्हीकडे समांतर नसतं. दांड्याच्या बाहेरच्या बाजूचा कोन तपासायचा असेल तर आधी खात्री झालेल्या गुण्याच्या आतल्या कोपऱ्यात नवा गुण्या बसवून उजेडाकडे धरा, कागदाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक फट डोळ्याला दिसते.

जाड पेन्सिलने हे सगळं करू नका, रेघेचीच जाडी अर्धा मिमी असेल तर ०.२ ची फट कुठून दिसणार. मार्किंग नाइफ सगळ्यात चांगली.

मोठा गवंडी गुण्या असेल तर ३-४-५ ने बघा: एका बाजूवर ३०० मिमी, दुसरीवर ४००, तिरकं अंतर ५०० यायला हवं. टेपचा हुक हलतो, म्हणून शून्यापासून न मोजता १०० च्या खुणेपासून मोजा आणि नंतर शंभर वजा करा.

## टप्पा ९: बिल, लेबल, फोटो

पास झालेला पीसच पॅक करायला सांगा. "आतून नवा सीलबंद देतो" म्हणतात, प्रेमाने म्हणतात, पण तो तुम्ही तपासलेला नसतो. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल नंबर लिहून घ्या. लेबलचा फोटो काढा ज्यात निर्माता आणि महिना-वर्ष नीट दिसेल. पुढच्या वेळी त्याच नावाची वस्तू घेताना हा फोटो काढून ओळीला ओळ लावून बघा. पत्ता बदलला, "निर्माता" जाऊन "मार्केटेड बाय" आलं, वजन हलकं लागलं, की समजा नवीनच वस्तू हातात आहे आणि शून्यापासून तपासा.

ऑनलाइन घेतली तर परत करायची मुदत आधी बघा आणि पार्सल आलं त्याच दिवशी टप्पा ६ ते ८ करा, साइटवर नेऊ नका. एकदा सिमेंट लागलं की कोणी परत घेत नाही.

## जुना माल घेत असाल तर

बंद पडलेल्या कारखान्यांचे किंवा मालकी बदलायच्या आधीचे पीस पुण्यात रविवार आणि बुधवारच्या जुन्या बाजारात, किंवा निवृत्त फिटर मंडळींकडे मिळतात. जड कास्ट आयर्नची लेव्हल, टेम्पर केलेल्या पात्याचा गुण्या, बघूनच घ्यावासा वाटतो. घ्या, पण पडलेला गुण्या बाहेरून कधीच ओळखू येत नाही, म्हणून पालथा घालून बघितल्याशिवाय नाही. लेव्हलच्या नळीत दोन बुडबुडे दिसले किंवा द्रव कमी झालेलं असलं तर पैसा नळी बदलण्यातच जाईल, सोडून द्या. गंज वरवरचा असेल तर चालतो, टेकायच्या बाजूवर खड्डे असतील तर नाही.

पातळ पत्र्याचा मोठा गुण्या थोडा खोटा असेल तर तो सुधारता येतो. कोन नव्वदपेक्षा कमी असेल तर दोन भुजा जिथे मिळतात तिथे आतल्या कोपऱ्याजवळ सेंटर पंचने हलका ठोका, पत्रा तिथे पसरतो आणि कोन उघडतो. जास्त असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ ठोका. एक ठोका, मग तपासणी, मग दुसरा. फिटरच्या जाड इंजिनिअर्स स्क्वेअरवर हा प्रयोग करू नका.

## टप्पा १०: घरी आल्यानंतर

सगळ्यात खरा निघालेला एक गुण्या आणि एक लेव्हल घरी मास्टर म्हणून ठेवा. साइटवर न्यायची नाहीत, उसनी द्यायची नाहीत. गुण्याला तेलाचं बोट फिरवून कपड्यात गुंडाळा, लेव्हल आडवी ठेवा, भिंतीला टेकवून उभी नको. कामावरची हत्यारं दर महिन्याला या मास्टरशी जुळवायची, आणि काहीही खाली पडलं तर त्याच दिवशी. वर्कशॉपमध्ये ग्राहकाला दाखला द्यावा लागत असेल तर मास्टर वर्षातून एकदा एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला, द्या, देताना कोणत्या ग्रेडला तपासायचं ते लिहून द्या, नाहीतर ते नुसते आकडे देतात आणि पास-नापास आपल्यालाच ठरवावं लागतं.

लांब अंतराला, म्हणजे एका खोलीतून दुसरीत पातळी न्यायची असेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून बघा, गवंडी लोक वापरतात तीच. आत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका आणि दोन्ही तोंडं उघडी ठेवा. नवीन १२०० ची लेव्हल आणि पाण्याची नळी यांचं जमत नसेल तर आधी लेव्हल परत उलटून बघा.